निकमकाकांचा मास्टर

निकमकाकांच्या कॉम्प्युटरवर शॉर्टकटांची नुसती दाटी आहे, आणि ते सगळेच्या सगळे एकाच मेलबॉक्सचे आहेत. ‘मेल’, ‘मेल नवा’, ‘मेल जादा’, ‘मेल स्टेपनी’, ‘मेल पावसाळी’ अशी नावं लावून ते रांगेत उभे असतात. कुठल्याही एकावर दोनदा टिचकी मारा, पेटी तीच उघडते. आत तेच विजेचं बिल असतं आणि तीच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात.

वरच्या डाव्या कोपऱ्यात मात्र एक शॉर्टकट एकटाच आहे. त्याच्या आसपास काका दुसरं काही येऊ देत नाहीत. कचऱ्याची टोपली तर त्यांनी ओढून थेट समोरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आहे, हात चुकला तरी हा तिच्यात पडायला नको म्हणून. त्याचं नाव ‘मास्टर’. तो उघडायचा नसतो.

हे मला माहीत असायचं कारण म्हणजे मी त्यांची शेजारीण, आणि एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर व्हाउचर भरते. एवढ्या भांडवलावर आमच्या गल्लीने मला इंजिनियर करून टाकलंय. काकांना नवा शॉर्टकट हवा झाला की ते कुंपणापाशी येऊन खाकरतात. ‘ताई, सवड हाय का जरा?’ मग मी जाते, उजवं बटण दाबते, पत्ता चिकटवते, नाव देते, आणि काकू चहा आणतात. पहिल्या वेळी मी समजावलं होतं की काका, एक पुरतो. ते खिन्न हसले. ‘झिजतं ताई. सगळं झिजतं.’

काकांचा अख्खा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात, गेज रूममध्ये गेला. गेज म्हणजे माप तपासायचं साधन. कामगार दिवसभर ज्या गेजने माल तपासतात ते हळूहळू झिजतं आणि खोटं बोलायला लागतं. म्हणून एक मास्टर गेज असतं. ते ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, लाकडी पेटीत निजवलेलं. त्याला कामाला लावत नाहीत. सगळ्या गेजांबद्दल शंका आली की ते बाहेर काढायचं, आणि ते सांगेल ते शेवटचं. त्यापुढे साहेबाचंही चालत नाही. काका रिटायर झाले, पण ही पेटी त्यांच्या डोक्यात उघडीच राहिली.

दुसरं असं की काका पराकोटीचे भित्रे. गॅसचं बटण बंद केल्यावर ते त्याला पुन्हा हात लावून बघतात, मग काकूंना बघायला लावतात. त्र्यंबक रोड ओलांडायचा तर आधी दुसऱ्या कुणाला तरी जाऊ देतात. रामकुंडावर गेले तर कोरड्या पायरीवरूनच नमस्कार. आणि अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, योगेश, जहाजावर नोकरीला लागला. आमच्याकडे पाणी म्हणजे रामकुंडातली गंगा, तीही पूर सोडला तर गुडघाभर. योगेश जहाजाच्या इंजिनात काम करतो, त्यामुळे त्याला समुद्र दिसतच नसणार, अशी काकांनी स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

जहाजावरून फोन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचाही भरवसा नाही. मेल तेवढा निघतो. म्हणून पहिल्यांदा निघताना योगेशने घाईघाईत हा शॉर्टकट करून दिला. म्हणाला, ‘पप्पा, टाइप बिइप काही करू नका. ह्याच्यावर दोनदा दाबायचं, की मी दिसेन.’ आणि बॅग उचलून स्टेशनला गेला.

काकांनी तो शॉर्टकट थोडे दिवस वापरला. मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की हा एकच आहे. त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून दुसरा करून घेतला, पहिल्याला मास्टर केलं, आणि त्याच्यावर पुन्हा बोट ठेवलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी नेलंही. पतसंस्थेत मी हा किस्सा रंगवून सांगते. गेल्या खेपेपासून मात्र तो सांगताना माझा आवाज बदलतो.

गेल्या खेपेला योगेशचं जहाज एका भलत्याच समुद्राकडे वळलं. त्या समुद्राचं नाव रोज बातम्यांत यायचं, आणि चांगल्या कारणाने यायचं नाही. योगेशचा मेल आला. काही दिवस नेट बंद ठेवणार आहेत, काळजी करू नका. काळजी करू नका असं त्याने त्याआधी कधी लिहिलं नव्हतं, त्यामुळे दोघं त्या क्षणापासून काळजीला लागली. काकूंनी टीव्हीचा रिमोट तूरडाळीच्या डब्यात पुरून ठेवला. जहाज कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी इतक्या गोड आवाजात ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली, की काकूंनी देव पाण्यात घातले.

दिवस गेले. काका कुंपणापाशी यायचे बंद झाले. आमच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची, पडद्यासमोर, वाकलेली. खरं सांगते, मी त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. भीती संसर्गासारखी असते, आणि माझ्या घरात ती मला नको होती.

मग एका रविवारी सकाळी ते थेट दारातच आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली.

‘ताई, शॉर्टकट खराब झालेत. सगळे.’

मी गेले. काका शेजारच्या खुर्चीत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात लाटणं, पण पोळपाटावर काही नव्हतं. मी ‘मेल’वर दोनदा टिचकी मारली. उघडला. ‘मेल नवा’ उघडला. ‘स्टेपनी’सुद्धा पटकन उघडली. प्रत्येकात तीच पेटी, तेच बिल, तेच तेल. योगेशचं काही नाही.

‘काका, हे तर सगळे चांगले चालतात.’

‘चालतात कुठं? योगेश दिसत नाय ना.’

मी समजावलं की शॉर्टकट झिजत नाहीत, मेल आला नाही म्हणून दिसत नाही. काका मान हलवत राहिले. झिजलेलं गेज असंच करतं म्हणाले, समोर माल असतो आणि ते नाही म्हणतं. मला खरं तर रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. म्हटलं, ठीक आहे, तुमच्याच पद्धतीने जाऊ. सगळ्यांवर शंका आहे ना, मग मास्टर काढू. आणि मी माऊसचा बाण वरच्या कोपऱ्याकडे नेला.

काकांनी माझं मनगट धरलं. पकड कारखान्यातली होती.

‘त्याला नको, ताई.’

‘का पण?’

त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं आणि मग आवाज अगदी खाली आणला. ‘ह्यांनी नाय म्हटलं तर चालतं. हे झिजलेत म्हणता येतं. त्यानं नाय म्हटलं तर मग कोणाला विचारायचं?’

काकूंच्या हातातलं लाटणं दाराच्या चौकटीला टेकलं. शॉर्टकट झिजत नाहीत हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असणार, हे मला तेव्हा कळलं. मी बाण हळूच खाली आणला, मास्टरपासून लांब, उजवं बटण दाबलं, पत्ता चिकटवला आणि त्यांना एक कोरा शॉर्टकट करून दिला. म्हटलं, ‘हा घ्या, नवाकोरा. हा झिजलेला नाही. पण नव्याला बसायला थोडा वेळ लागतो.’ काका म्हणाले, ‘हां, ते बरोबर हाय.’ आणि आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसून राहिलो. चहा कुणी केलाच नाही.

मेल त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माझ्या खिडकीचा पडदा मात्र बाजूला करून ठेवला.

आला तो त्यानंतर, भर दुपारी. मी पतसंस्थेत होते. काकूंचा फोन आला आणि त्यांना बोलता येईना, तेव्हा मी हातातलं व्हाउचर खाली ठेवलं. मागून काकांचा आवाज ऐकू आला, ‘ताईला सांग, पावसाळीतून आला.’ योगेशने दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्या समुद्राबाहेर आलो, जेवण बरं आहे.

त्या संध्याकाळी काकांनी ‘मेल पावसाळी’ उचलला आणि वरच्या कोपऱ्यात, मास्टरच्या शेजारी नेऊन ठेवला. आता तोही वापरायचा नाही. त्याच्या जागी मी दुसरा करून दिला.

पुढे योगेश सुट्टीवर आला. उन्हाने रापलेला, थोडा जाडसर. काका सारखे त्याच्या मागे मागे, मोरीपर्यंतसुद्धा. मी भेटायला गेले तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसून खो खो हसत होता. म्हणाला, ‘ताई, हे काय करून ठेवलंय पप्पांनी? एकाच मेलचे एवढे? आणि मी केलेला तर चालतो तरी का?’ आणि त्याने माऊस कोपऱ्याकडे नेला.

काका काही बोलायच्या आत त्याचं मनगट मी धरलं होतं.