काठाची ज्वारी

कल्पना करा, तुम्ही अकरा दिवस मान मोडून एक चित्र काढलंत. रंग सांडले, कागद फाटले, तरी पुन्हा काढलंत. शेवटी ते चौकटीत बसवून भिंतीला टांगलंत. पाहुणे आले, दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "वा! चौकट काय सुरेख आहे हो!"

कसं वाटेल? आता अकरा दिवसांच्या जागी अकरा वर्षं घाला, चित्राच्या जागी ज्वारी घाला आणि पाहुण्यांच्या जागी मोठे साहेब. म्हणजे पाहणीच्या त्या दिवशी आत्याच्या तळपायाची आग मस्तकात का गेली, ते समजेल.

आत्या सरकारी शेतावर पिकांची नवी वाणं तयार करायची. ज्वारीच्या कणसात बारीक बारीक फुलं असतात. सूर्य वर यायच्या आत चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, कणसावर कागदी पिशवी चढवायची आणि मग दुसऱ्या, आपल्याला हव्या त्या झाडाचा पराग आणून त्यावर झटकायचा. पहिलं झाड आई, दुसरं बाप. त्यांची पोरं पेरायची, त्यातली गुणी तेवढी ठेवायची, पुन्हा पेरायची. अकरा वर्षं असं केल्यावर आत्याच्या हाती एक ठेंगणी ज्वारी लागली होती. उंची छातीइतकी. वारा कितीही सुटो, लोळायची नाही. कणीस गच्च भरलेलं, आणि कणसाखालचं ताट इतकं गोड की गाय बुडख्यापर्यंत खाऊन वर जमीन चाटायची. तिला अजून नाव नव्हतं. नुसताच क्रमांक सात.

पुढच्या मंगळवारी कापणी होती. समिती येणार, आपल्यासमोर वजनं करून घेणार आणि वाण शेतकऱ्यांना द्यायचं की नाही ते ठरवणार. यंदा नाही म्हणाली तर पुढची संधी नव्हती, कारण त्या शेतावर आता गाड्या उभ्या करायला फरशी बसणार होती.

त्याआधीची पाहणी करायला आठवडाभर आधी मोठे साहेब आले. साहेब शेतात उतरत नसत. त्यांचे बूट चकचकीत होते आणि शेतात चिखल होता, आणि या दोघांची गाठ त्यांनी अठरा वर्षांत एकदाही पडू दिली नव्हती. ते रस्त्यावरच थांबले. सोबत एक फोटोवाला होता.

"बाई! हे बघा पीक!" साहेब ओरडले. "वर बघताना टोपी पडेल माझी!"

आत्या ओळींतून वाट काढत धापा टाकत बाहेर आली. साहेब कशाकडे बोट दाखवताहेत ते बघून तिचा चेहरा पडला.

"साहेब, ती काठाची ज्वारी आहे."

"काठाची म्हणजे?"

"चाचणीच्या शेताला चारी बाजूंनी दोन ओळी नुसत्या राखणीला पेरतात. काठावरच्या झाडाला एका बाजूने शेजारीच नसतो. ऊन जास्त, पाणी जास्त, खत जास्त. मग ते फुगणारच! आतल्या सगळ्यांना सारखा शेजार मिळावा म्हणून काठ ठेवायचा. कापणीला तो आधी कापून बाजूला टाकतात. तोलतसुद्धा नाहीत."

"टाकतात? हे?" साहेबांनी फोटोवाल्याकडे असं पाहिलं, की जणू आत्याने सोन्याचं ताट उकिरड्यावर फेकलं होतं. "बाई, झाडांत राहून राहून तुमची नजर मेलीय. आम्ही लांबून बघतो ना, म्हणून आम्हाला दिसतं."

"पण साहेब, क्रमांक सात आत..."

"आत काय, सगळं बुटकंच दिसतंय. घे रे फोटो."

फोटोवाल्याने फोटो घेतला. साहेब मधोमध, मागे काठाची ज्वारी. आत्याचं डावं कोपर तेवढं आलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला एक पाटी रोवलेली दिसली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: 'उत्तुंग – ज्वारीचे नवे वाण'.

आत्याकडे सुट्टीला आलेली भाची नऊ वर्षांची होती. ती दिवसाला इतके प्रश्न विचारायची की घरात तिला शंकासूर म्हणत. अक्षर मात्र मोत्यासारखं, म्हणून आत्या प्रत्येक क्रमांकाचे आईबाप आणि मोजमापं सांगायची आणि शंकासूर वहीत लिहायची. ती पाटीसमोर उभी राहिली.

"आत्या, ह्याला नाव मिळालं आणि आपल्या सातला का नाही?"

"कारण सात आत उभी आहे, शहाणे! आत बघायला पाय मळवावे लागतात!"

आत्या तरातरा कार्यालयात गेली. कारकून मान खाली घालून वाणाच्या मंजुरीचा अर्ज भरत होता.

"ती पाटी काढा."

"बाई, फोटो वर गेलाय. वरून शाबासकीसुद्धा आलीय. आता पाटी कशी निघेल?"

"अहो, ते वाणच नाही! तो काठ आहे, काठ!"

"ते तुम्ही साहेबांना सांगा."

"सांगितलं!"

"मग झालं तर." कारकुनाने पेन उचललं. "बरं झालं आलात. ह्या उत्तुंगची आई कोण?"

आत्याने कपाळावर हात मारला. तिने खिडकीतून राखणदाराला हाक मारली. काठ दरवर्षी त्यानेच पेरलेला असायचा. "मामा! काठाला बी कुठलं घातलंत?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातलं, ताई. चाऱ्याचं. पोत्यावर गायीचं चित्र होतं."

कारकुनाने जरा विचार केला. गाय लिहिणं त्याला बरं दिसेना. त्याने आईच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं, बापाच्या रकान्यातही 'अज्ञात' लिहिलं, आणि 'वाण कोणी तयार केले' इथे साहेबांचं पूर्ण नाव पदवीसकट लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

त्या आठवड्यात आत्या कुणाशी धड बोलली नाही. भाजी चिरताना ती सुरीला सांगायची, "म्हणे नजर मेलीय!" केस विंचरताना आरशाला सांगायची, "लांबून दिसतं म्हणे! चंद्रही लांबूनच दिसतो, पेरा जाऊन त्यावर!" समितीपुढे करायचं एक भाषण तिने मनात तयार केलं होतं, आणि ते रोज थोडं वाढत होतं.

मंगळवार उजाडला. नियमाप्रमाणे मजुरांनी सकाळी सातलाच काठ कापून काढला. ती उंच ताटं राखणदाराच्या गायीपुढे पडली. गायीने वरची पानं खाल्ली, जाडजूड ताट दातात धरून पाहिलं आणि सोडून दिलं. शेताच्या त्या टोकाला, पाटीच्या अगदी मागे, आता पहिल्यांदाच उघड्यावर उभा होता क्रमांक सात.

आत्या कमरेला पदर खोचून भाषणाच्या तयारीने थांबली.

गाड्या आल्या. साहेब उतरले, समितीचे तिघे उतरले. साहेबांनी आधी पाटी पाहिली, मग पाटीमागे पाहिलं. क्षणभरच त्यांच्या भुवया हलल्या. मग बोट वर झालं.

"हेच ते! उत्तुंग! मी पहिल्याच दिवशी हेरलं!"

आत्या मनातल्या भाषणाची पहिली पानं भराभर खोडू लागली.

समितीतले दोघे माना डोलवू लागले. तिसरे जाड चष्म्याचे गृहस्थ मात्र बूट काढून सरळ शेतात उतरले आणि ज्वारीला खेटून उभे राहिले. कणसं त्यांच्या छातीला लागत होती.

"उत्तुंग?" त्यांनी विचारलं.

"गुणांनी," साहेब म्हणाले.

चष्मेवाल्यांनी एक ताट मोडून चघळलं आणि डोळे मिटले. "उसासारखं आहे हो!" मग वजनं झाली. राखणदार काटा धरायचा, आत्या दात-ओठ खात आकडे सांगायची, शंकासूर लिहायची. दाण्यात क्रमांक सात पहिला, चाऱ्यातही पहिलाच. चष्मेवाले हसत हसत बाहेर आले.

"साहेब, कमाल केलीत! आणा तो अर्ज, सही करून टाकतो."

आत्याच्या डोळ्यांपुढे लाल-पिवळं व्हायला लागलं. अकरा वर्षं थंडीत कुडकुडत चिमटा कुणी धरला? पिशव्या कुणी चढवल्या? पाखरांमागे पत्र्याचा डबा वाजवत कोण धावलं? आणि कमाल साहेबांनी केली!

चष्मेवाले अर्ज वाचता वाचता थबकले. "आई अज्ञात. बाप अज्ञात. हे काय?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने आभाळाकडे पाहिलं.

"आईबाप माहीत नसलेलं वाण मंजूर करता येत नाही," चष्मेवाले म्हणाले. "कितीही चांगलं असो. उद्या पुन्हा बी तयार करायचं तर कशावरून करणार? सांगा साहेब, कशापासून तयार केलंत?"

साहेबांचा चेहरा बुटांइतकाच चकचकीत झाला, फक्त घामाने. "ते आपल्या बाई सांगतील," ते म्हणाले.

"मी?" आत्याने हाताची घडी घातली. "मी कशी सांगू? माझी तर नजर मेलीय. ज्यांनी लांबून हेरलं त्यांना विचारा."

"बाई, असं काय करता!"

"साहेबांनाच माहीत असणार. आम्ही बुटक्यांतली माणसं."

राखणदार जवळ येऊन कुजबुजला, "ताई, बोला की! शेत जाईल!"

"जाऊ दे!"

म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता तिची नजर क्रमांक सातकडे गेली. आईबाप तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आले असते. ते जिभेच्या टोकावर होते. पण राग दाताशी पहारा देत होता, आणि तो काही केल्या बाजूला होईना. चष्मेवाल्यांनी एक उसासा सोडला आणि पेनाला टोपण लावायला घेतलं.

"काका, थांबा ना. ते पेन द्या मला."

शंकासूर त्यांच्यासमोर हात पुढे करून उभी होती. चष्मेवाल्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि पेन दिलं.

शंकासूरने अर्ज आपल्या वहीवर ठेवला. 'आई' पुढचं 'अज्ञात' खोडून लिहिलं, 'बुटकी, न लोळणारी, ओळ बावीस'. 'बाप' पुढे लिहिलं, 'गोड ताटाची, ओळ नऊ'. मग साहेबांचं पूर्ण नाव पदवीसकट एका रेघेत खोडलं, पट्टी नसतानाही रेघ सरळ आली, आणि त्यावर आत्याचं नाव लिहिलं.

शेवटी ती वाणाच्या नावापाशी आली. 'उत्तुंग'. आत्या श्वास रोखून बघत होती. शंकासूरने पेन टेकवलं, मान वर करून घामाने डबडबलेल्या साहेबांकडे जरा वेळ पाहिलं, आणि पेन उचललं.

"हे राहू दे," ती म्हणाली. "एवढं तरी त्यांनी केलंय."

आणि अर्ज सहीसाठी चष्मेवाल्यांपुढे धरला.