सासऱ्यांच्या मित्राची केस

चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात त्याखालून वाकून सासरे आत आले. जावई चमकलाच. सासरे कुणापुढे वाकणाऱ्यांतले नव्हते. पंचवीस वर्षं त्यांनी वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या आणि निम्म्या गावाला नापास केलं होतं. जावयाला दोनदा. त्यातलं एकदा लग्न ठरल्यानंतर.

"माझ्या एका मित्राला वकील हवाय," फ्रेमच्या कपाटाकडे बघत ते म्हणाले.

"कशासाठी, बाबा?"

"दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झालीय त्याच्यावर."

"कोण मित्र?"

"तुम्हाला नावाशी काय करायचंय?" त्यांनी कोर्टाचा कागद पुढे केला. नावाचा भाग आत दुमडलेला होता. पण जावयाचा उभा जन्म बारीक अक्षरं वाचण्यात गेलेला. खालच्या ओळीत गाडीचा नंबर होता, आणि त्या गाडीत तो गेल्याच आठवड्यात बसला होता. त्याने नुसतं स्टूल पुढे सरकवलं. सासरे त्यावर बसले आणि मिनिटभरात मित्र कुठल्या कुठे गेला.

"जुन्या सहकाऱ्याकडे दुपारी जेवायला होतो. दोन पेले झाले. तिसरा आग्रहाचा. येताना नाक्यावर अडवलं. यंत्रात फुंकायला लावलं. मी त्या हवालदाराला म्हटलं, तुमचं यंत्र तपासलेलं आहे का? त्यानं दुसरं आणलं."

"मग?"

"त्यात जास्त आलं."

गाडी पोलिसांनी अडकवून ठेवली होती. घरी मात्र ती गॅरेजला आहे असं सांगितलं होतं. कोर्टाची तारीख परवाची. "घरात कुणाला कळता कामा नये. तुमच्या बायकोला तर मुळीच नाही. शब्द द्या मला."

जावयाने शब्द दिला. सगळं बिघडलं ते तिथून.

पहिला फोन त्याने एका गिऱ्हाईक वकिलाला केला. "मी जमिनीची कामं बघतो हो," वकील म्हणाले. "पण किती घेतली होतीत?"

"मी नाही. माझे एक नातेवाईक."

"हो हो. सगळ्यांचे नातेवाईकच असतात. पाणी भरपूर प्या."

त्यांनी दिलेल्या नंबरावर एक वकीलबाई निघाल्या, पण घटस्फोटाच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायकोला माहीत आहे का?" जावई घाईघाईने म्हणाला, "नाही, आणि कळूही द्यायचं नाहीये!" फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या टायपिस्टनेही ऐकलं. टायपिस्ट म्हणजे बायकोची शाळेपासूनची मैत्रीण.

त्यानंतर एक निवृत्त परिचारिका चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या. जावयाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. स्क्रू हातातून तीनदा निसटला. परिचारिकाबाई काउंटरवर पुढे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हात थरथरतायत. सोडायचा प्रयत्न चाललाय का? चांगलं आहे. सुरुवातीला त्रास होतोच."

दुपारी बायको दुकानात आली. पर्स काउंटरवर आपटली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला मैत्रिणीकडून कळावं? वकील शोधतोयस तू!"

"अगं, मी पीत नाही! तुला माहितीये!"

"मग कोण पितं?"

जावयाने तोंड उघडलं, शब्द आठवला आणि तोंड मिटलं. एवढा पुरावा तिला पुरेसा होता. तिने तिथूनच फोन लावला. "बाबा, संध्याकाळी आम्ही येतोय. तुम्हीच याला चार गोष्टी सांगा. तुमचं तरी ऐकेल." पलीकडून एक बारीकसं "बरं" आलं.

संध्याकाळी सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत जावई मान खाली घालून कोचाच्या टोकाला बसला. शेजारी डोळे पुसणारी बायको. सासूबाई खुर्चीत बसून स्वेटर विणत होत्या. सासरे उभे राहिले, कारण परीक्षा घेताना ते उभेच राहत.

"दारू पिऊन गाडी चालवणं," त्यांनी सुरुवात केली, "हा निष्काळजीपणा नाही. हा गुन्हा आहे. रस्त्यावर माणसं असतात. कुणाची आई असते, कुणाचं लेकरू असतं..." आवाज चढत चालला होता. सवयच होती. "आणि जो माणूस स्वतःला शहाणा समजून स्टीअरिंग धरतो, तो..."

जावयाने मान वर केली नाही. निमूटपणे सगळं ऐकून घेत होता. सासऱ्यांचं वाक्य तिथेच अडलं. त्यांनी घसा खाकरला, मुलीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"तो माणूस मी आहे," ते म्हणाले. "याने थेंबही घेतलेला नाही. माझ्यासाठी वकील शोधत होता बिचारा. मी याला शब्दात अडकवलं."

खोलीत विणकामाच्या सुयांचा आवाज तेवढा चालू होता. तोही ओळ संपल्यावर थांबला.

"झालं एकदाचं," सासूबाई म्हणाल्या. "अहो, कोर्टाचा कागद मीच सही करून घेतला होता. परत दारावरच्या पत्रपेटीत टाकला, म्हटलं आपणहून सांगताय का बघू. असल्याच केसेस बघणाऱ्या एक वकीलबाई उद्या दहाला येतायत. मी बोलून ठेवलंय."

बायकोने आधी वडिलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "आणि तू ऐकून घेत बसलास!" म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. जावयाला तो धपाटा दिवसभरातली सगळ्यात गोड गोष्ट वाटली.

वकीलबाईंनी सरळ सल्ला दिला: कुणाला इजा झालेली नाही, पहिलीच वेळ आहे, गुन्हा कबूल करा. कोर्टात सासऱ्यांनी तो इतक्या खणखणीत आवाजात कबूल केला की कारकून दचकला. दंड झाला आणि परवाना सहा महिने बंद. तुरुंग टळला. बाहेर आल्यावर सासऱ्यांनी असा श्वास सोडला, जणू आठवडाभर तो कोंडून ठेवला होता.

पोलीस ठाण्यातून गाडीही सुटली. हवालदाराने किल्ली पुढे केली. जावयाने हात लांब केला, पण त्याआधी सासूबाईंचा हात तिथे पोचला होता. त्यांनी पर्समधून परवाना काढून हवालदाराला दाखवला.

सासरे बघतच राहिले. "हा... हा कुणी दिला तुला?"

"तुमचा पाय मोडला होता ना, तेव्हा तुमच्या जागी जे साहेब आले होते, त्यांनी. पहिल्याच खेपेला पास केलं." सासूबाईंनी गाडीत बसून आरसा नीट केला, पट्टा लावला. "बारा वर्षं झाली."

"पण तू चालवतेस कधी?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. बसा मागे."

सासरे मुकाट्याने मागे बसले. सासूबाईंनी दोन गाड्यांच्या मधल्या वीतभर जागेतून गाडी एका दमात मागे काढली आणि रस्त्याला लावली. पहिला चौक येईपर्यंत सासऱ्यांना शांत झोप लागली होती.