तोडकर आणि चौगुले यांचं एकत्रीकरण

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. वाघजाई औद्योगिक वसाहतीत दोन कंपन्या एक झाल्या की एकाच कामावरची दोन माणसंही एक करतात.

या वसाहतीत कॅरव्हॅनचे एसी बनतात. कॅरव्हॅन म्हणजे ओटा, पलंग आणि संडास पोटात घेऊन फिरणारी गाडी. तिच्या टपावर हा एसी बसतो. पूर्वी ते बनवणाऱ्या पाच कंपन्या होत्या. एकीने आवाज कमी केला की दुसरी वजन कमी करायची, आणि जिला काहीच कमी करता यायचं नाही ती विकली जायची. शेवटी हिमरथ आणि शीतयान या दोनच उरल्या. तोवर गेटवरचा वॉचमन शितोळे चार माणसांचा झाला होता. त्याला चार गावच्या जत्रांची ओढ लागायची आणि रजा एकाच जत्रेची मिळायची.

भगवान तोडकर शीतयानमध्ये टेस्टर होता. लाकडी फळ्यांची एक खोटी कॅरव्हॅन, तिच्या टपावर नवा एसी, खाली पलंग. पलंगावर उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि या आवाजात माणसाला झोप लागेल की नाही ते सांगायचं. बारा वर्षं तो हेच करत होता. हिमरथमध्ये हे काम विलास चौगुले करायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण एकमेकांच्या मशीनखाली दोघंही पुष्कळ पडले होते. हिमरथने शीतयान घेतल्याची नोटीस लागली, तेव्हा ते चहाच्या गाड्यावर पहिल्यांदा भेटले.

"तुमच्या जुन्या मॉडेलखाली पडलो होतो मी," विलास म्हणाला. "मर्दा, मला वाटलं टपावर कुणी ज्वारी मळतंय."

"तुमचं मशीन गप्प असायचं," भगवान हळूच म्हणाला. "पण छातीवर पाणी गळायचं."

विलास खूप हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "घर कुणाचं ठेवायचं?"

एक झालेल्या माणसाला घर एकच मिळतं, कारण कंपनीची बस त्याला एकाच थांब्यावर सोडते. भगवानच्या घरी वैजयंता होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि नोटिशीबद्दल त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं.

"तुझंच ठेव की," विलास म्हणाला. "माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. भाड्याच्या खोलीत एक कुकर आणि एक खुर्ची. त्यासाठी काय भांडायचं?"

"तुम्हाला चालेल?"

"तुझ्या बायकोला चालतंय का बघ. अर्धा मी असणार आहे."

वैजयंताने सगळं ऐकून घेतलं. "वांगं खातात का ते?" तिने विचारलं.

"खातात म्हणाले."

"आणि घोरतात?"

"नाही."

"मग बरंच आहे. तुमचं घोरणं तरी निम्म्यावर येईल," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून उठली. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून जास्तीची वांगी आणली.

एकत्रीकरणाचा फॉर्म कार्यालयातल्या पाटणकर मॅडमकडे भरायचा असतो. त्यात दोन ओळी असतात. मोठ्या कंपनीचा माणूस पहिल्या ओळीत स्वतःची माहिती लिहितो. छोट्या कंपनीचा माणूस दुसऱ्या ओळीत, एक झाल्यावर काय ठेवायचं, ते लिहितो. त्याला तेवढाच मान असतो.

आता टेस्टर लोकांची रजिस्टर भरायची एक रीत आहे. पहिल्या मशीनची माहिती पूर्ण लिहायची आणि पुढची मशीन तशीच निघाली तर प्रत्येक रकान्यात दोन बारीक रेघा मारायच्या. विलासने आपली ओळ भरून फॉर्म सरकवला. भगवानने पेन घेतलं. पद तेच होतं, रेघा मारल्या. अनुभव तोच, रेघा मारल्या. रक्तगटही तोच निघाला. हात बारा वर्षांच्या सवयीने पुढे सरकत गेला. वैवाहिक स्थिती, घरचा पत्ता, बसचा थांबा, सगळीकडे दोन रेघा. त्याने शेवटी सही केली आणि मॅडमनी शिक्का मारला.

दोघं दोन दारांनी जुन्या पेंट शॉपमध्ये गेले. बारा मिनिटांनी मधल्या दाराने एक माणूस बाहेर आला. उंची विलासची होती, आवाज भगवानचा. कंपनीने त्याला नवे बूट दिले.

संध्याकाळी बसने त्याला विलासच्या थांब्यावर उतरवलं. खोलीत कुकर होता आणि खुर्ची होती. तो खुर्चीवर बसला तेव्हा फॉर्म त्याच्या डोळ्यासमोर आला. भगवानला आपली चूक कळली, विलासला तिचा राग आला, आणि हे दोन्ही त्याच्या एकाच पोटात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंता डबा घेऊन गेटवर आली. शितोळेने त्याला बोलावून आणलं.

"वहिनी," तो म्हणाला.

"वहिनी म्हणू नका."

"नोंदीत मी विधुर आहे."

"मी समोर उभी आहे अन् तुम्ही विधुर?" तिने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "अहो, आत आहात ना तुम्ही?"

"आहे."

ती त्याला घेऊन सरळ पाटणकर मॅडमच्या टेबलापाशी गेली. मॅडमनी फाइल काढून नीट वाचली.

"दुरुस्तीचा अर्ज ज्याची चूक असेल त्याने करायचा असतो," त्या म्हणाल्या. "तोडकर आता हजेरीपटावर नाहीत."

"हे काय बसलेत की!"

"हे चौगुले-तोडकर. यांच्या हातून काही चूक झालेली नाही, बाई. यांनी अजून एकही फॉर्म भरलेला नाही."

"मग भरतील कधी?"

"कंपनी पुन्हा विकली गेली तर. परराज्यातली एक मोठी कंपनी दोनदा येऊन बघून गेली. पण आपले एसी चांगले चाललेत, मालक कशाला विकतील?" मॅडमनी फाइल मिटली. त्यांनाही वाईट वाटत असावं, कारण त्यांनी वैजयंताला पाणी विचारलं.

गेटकडे परत जाताना तो म्हणाला, "विकली, तरी तिकडचा टेस्टर माझ्यात येईल. मग तिघं होतील."

"दोघांत सापडलात ना मला?" वैजयंता म्हणाली. "तिघांतही सापडाल."

"आणि तिसऱ्याची कुणी असली तर?"

तिने डबा त्याच्या हातात दिला. "तिला सांगायला मी येईन," ती म्हणाली आणि एसटीच्या दिशेने चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने कामावर गेला आणि खोट्या कॅरव्हॅनमध्ये पलंगावर उताणा पडला. नव्या मॉडेलचा पंखा घासत होता. आवाज इतका होता की बाहेरचा फिटर आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, हे काय वाजतंय?" त्याने डोळे उघडले नाहीत. "झोप लागत होती, उठवलंस," तो म्हणाला, आणि दुपारच्या सुट्टीआधी त्याने तसलीच घासणारी चाळीस मशीन पास केली.