पाचशेचा प्रोसेसर आणि मोठ्या बाई

आमच्या गल्लीत दुपारची जेवणं आटोपली, की मोठ्या बाई दोनशेच्या वेगानं गाडी हाणायला बसत. वय साठीच्या पुढं, अंगावर इस्तरीचं सुती पातळ, चष्म्याला दोरी. दार बंद, खिडकी बंद. आतून आधी इंजिनाची घरघर ऐकू यायची, मग ब्रेकची किंकाळी, आणि त्यावर बाईंचा खणखणीत आवाज: "वळण आहे समोर, दिसत नाही काय?" एक नवा पोस्टमन टपाल उंबऱ्यावर टाकून पळाला होता म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही.

मोठ्या बाई म्हणजे वाकेकर बाई. बालाघाटच्या एका मिडल स्कूलच्या निवृत्त हेडमास्तरीण. अर्ध्या गावाला त्यांनी बाकावर उभं केलेलं, त्यात मीही आलो. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो, तरी त्यांनी "विन्या" म्हणून हाक मारली की माझे हात आपोआप पाठीमागं जायचे.

निवृत्तीनंतर बायका पोथी घेतात, बाईंनी कॉम्प्युटर घेतला. गोंदियाहून छोट्या रेल्वेनं आणला, मॉनिटर मांडीवर घेऊन. आणल्या दिवशीच कॉम्प्युटरच्या डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी काढली, ती पुन्हा कधी लावली नाही. "झाकून ठेवलं तर पोट कुठं दुखून राह्यलं ते कसं समजंन?" असं त्यांचं म्हणणं. उघड्या डब्यासमोर टेबलफॅन अहोरात्र चालू. पाहुण्यांना उकडलं तर पाहुण्यांनी फॅनच्या वाटेत बसू नये, एवढंच.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं: "घाटात गिअर बदलावं, गाडी नाही." हे मूळ त्यांच्या यजमानांचं. यजमान जंगलखात्यात रेंजर, नोकरीची बरीच वर्षं बैहरकडच्या घाटांत काढलेली. सरकारी ड्रायव्हरला शेजारी बसवून स्वतः जीप चालवणारा माणूस. त्यांचं वाक्य बाईंनी सगळ्या संसाराला लावलं. कुणाची सून वेगळं राहायचं म्हणाली, कुणी नोकरी सोडायला निघालं, की हे वाक्य ठरलेलं. मी प्रबंधाचा विषय बदलतो म्हणालो तेव्हा मलाही तेच ऐकवलं. विषय बदलला नाही. प्रबंधही झाला नाही, ती गोष्ट वेगळी.

रेंजर साहेबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ अडकली. मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचे. आम्ही जाता-येता नमस्कार केला की डावा हात उचलायचे. हल्ली तोही उचलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून बसलेले असत.

अशात बाईंनी घाटातल्या रस्त्यांचा नवा गेम आणला आणि तो त्यांच्या मशीनवर चालेना. चित्र अडखळायचं. वळण आलं की गाडी थबकायची आणि मग एकदम दरीत. बस स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या गुड्डूला बोलावणं गेलं. त्यानं डब्यात डोकं घातलं आणि निदान केलं, "मॅडम, प्रोसेसर बदलने से कुछ नहीं होगा. पूरा प्लेटफॉर्म बदल दो." म्हणजे बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, मेमरी नवी, डबासुद्धा नवा. मग जुनं काय उरणार, असं मी विचारलं. मॉनिटर आणि मॅडमचा आशीर्वाद, असं तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाखालून एक लाकडी पाट काढला. पाटावर गाडी वळवायची खेळातली काडी, जॉयस्टिक म्हणतात ती, स्क्रूनं पक्की बसवलेली, आणि काडीच्या टोकाला जुन्या जीपच्या गिअरचा काळा गोळा. हिची वायर एका लांबलचक कार्डात जाते, ते कार्ड नव्या बोर्डात बसेल का, एवढंच त्यांनी विचारलं. गुड्डूनं मान हलवली. असल्या कार्डाची खाच आता बोर्डावर येतच नाही, काडी नवी घ्या.

"मंग प्लेटफॉर्म नको. माह्या बोर्डात बसंन असा सर्वात मोठा प्रोसेसर पाह्य."

गल्लीत दोन तट पडले. मी गुड्डूच्या बाजूनं होतो. जुन्या धोतराला नवं ठिगळ लावलं तर फाटतं धोतरच, असं मी बाईंना पाऊण तास समजावलं. त्यांनी चहा दिला आणि गिअरचं वाक्य ऐकवलं. शेवटी मी चिडून म्हणालो, बाई, हा निव्वळ हट्ट आहे. "हौ, हट्टच आहे," म्हणाल्या, आणि मी पेपर तपासायला नागपूरला निघालो होतो तर प्रोसेसर आणायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. त्यांच्या तीनशे मेगाहर्ट्झच्या जागी बसणारा पाचशेचा हवा होता. तो सीताबर्डीला एका दुकानदाराच्या खालच्या खणात सापडला. त्याच्या मते असं गिऱ्हाईक आता येत नाही.

घरात यंत्र येतं तेव्हा त्याची पूजा होते. शिवणयंत्राची झाली होती, मिक्सरची झाली होती, प्रोसेसरची का नको? बाईंनी तो ताम्हनात ठेवला, त्याच्या खालच्या सोनेरी सुया वर करून. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. गुड्डू हाताची घडी घालून बघत होता. मग बाईंनी कुंकू फुंकून, पुसून घेतलं, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, पंखा चढवला आणि बटण दाबलं.

पडदा काळाच.

पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. "मैंने तो पहले ही बोला था," गुड्डू म्हणाला. बाई खुर्चीत बसल्या. शाळेवर इन्स्पेक्टर आला तरी ज्यांचा पदर हलला नव्हता, त्या बाईंचा चेहरा असा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला काही कळेना. एका खेळापायी एवढं?

"खेळ माहा नाही रे, यायचा आहे," त्यांनी पडवीत बसलेल्या साहेबांकडे बोट केलं. "मी दुपारी वरडत होती ते यायच्यावरच. डावा हात काडीवर बसवाले आठ महिने लागले. पण हात हळू चालते, अन् वरून हे मशीनही हळू. मंग मी मुद्दाम हरू लागली."

"मग?"

"मंग काय. यायनं ओळखलं. तवापासून काडीले हात लावला नाही."

काहीतरी करायचं म्हणून मी प्रोसेसर पुन्हा काढला आणि उजेडात धरला. सुयांच्या दाटीत कडेला, कुंकवानं लाल झालेला, तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. देवाला वाहिलेली अक्षत. तिच्यामुळे प्रोसेसर एका बाजूनं उचललेला राहिला होता. बाईंनी शिवणाच्या सुईनं ती अलगद काढली, प्रोसेसरची वाकलेली सुई सरळ केली. या वेळी प्रोसेसर गुड्डूनं बसवला, आपण होऊन.

पडदा उजळला. पाचशेचा आकडा आला आणि मी इतक्या जोरात टाळी वाजवली की गुड्डू दचकला.

आम्ही साहेबांची खुर्ची आत आणली. ते पडद्याकडे बघायला तयार नव्हते. बाईंनी पाट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि शर्यत सुरू केली. साहेबांनी गोळा नुसता सहज ढकलला असेल, पण गाडी तत्क्षणी वळली. त्यांनी मान वर केली. पुन्हा ढकलला. गाडी पुन्हा हातासरशी वळली.

मग जे झालं ते सांगणं अवघड आहे. बाई की-बोर्डवर ओठ दाबून खेळत होत्या, एक वळण सोडत नव्हत्या. साहेब सुरुवातीला मागं होते. घाट सुरू झाला तसे जवळ आले, एका अवघड वळणावर बाईंना आतून कापलं आणि निघून गेले. "अहो, दाबता काय मले!" बाई खरोखर चिडून म्हणाल्या. त्यांनी जीव तोडून पाठलाग केला आणि हरल्या.

साहेबांनी वळून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, नाक्यावर लाकडाची गाडी तपासावी तसं. त्यांना तिथं खोट सापडली नाही. मग ते अर्ध्या तोंडानं हसले.

बाई उठल्या, महिनोन्‌महिने दुपारचं बंद राहिलेलं दार त्यांनी सताड उघडलं आणि भर दुपारी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी हरली! सच्चीची हरली!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. समोरच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांना काही सांगणार, इतक्यात आतून लाकडी पाट ठोकल्याचा आवाज आला. साहेबांना दुसरी शर्यत हवी होती, आणि उशीर झालेला त्यांना खपत नव्हता.