टाक्यातील तुळशीच्या मोहिमेची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरण स्मरोन हकीकत लिहिली जाते ऐसी जे, तालुके महागाव, प्रांत यवतमाळ येथील सोयाबीनबहाद्दर सदाशिवराव पाटील हे सदैव खुर्चीवर विराजमान असत, आणि खुर्ची सोडण्याचा पराक्रम त्यांचे हातून क्वचित घडे. त्यांचे कुटुंब विमलताईसाहेब, यांचा चातुर्मासाचा नेम की तुळशीस प्रदक्षिणा घातल्याविना अन्न घेणे नाही. आणि आश्विनात गुडघ्यांनी फितुरी केली, पाऊल उचलेना, उपास पडू लागले, आणि नेम मोडतो ऐसा समय प्राप्त जाहला. मग भाची प्रेरणा, जी यवतमाळी दवाखान्यात सांधेदुखीवाल्यांस व्यायाम शिकविते, तिने सल्ला पाठविला की छातीभर पाण्यात चालावे, अंगाचा भार पाणी वाहते, गुडघ्यांस पीडा न होता मांड्यांस बळ येते. मग बाईसाहेबांनी शेतातील सिमेंटच्या टाक्यात मधोमध विटांचा ओटा रचविला, वर तुळस स्थापिली, आणि लुगडे खोचून पाण्यात उतरल्या, आणि प्रदक्षिणा घडल्या, आणि अन्न पोटी गेले.

हे वर्तमान पानठेल्यावर पोहोचले आणि तेथील मुत्सद्दी हसले. रावसाहेबांची इभ्रत मोठी नाजूक. बायकोच्या उपासाने तीस ओरखडा गेला नव्हता, ती पानठेल्याच्या हसण्याने घायाळ जाहली. फर्मान सुटले की, "म्हैस हायेस काय तू? उद्यापासून टाक्यात पाय ठेवाचा नाही."

बाईसाहेब हळूच बोलल्या, "म्हशीचे गुडघे दुखतात, असं कोनाच्या तोंडून आइकलं काय तुम्ही?" आणि दुसरे दिवशी पहाटे पुन्हा पाण्यात.

मग शत्रू निःशस्त्र असोन पायांनी अधू आहे ऐसी खातरजमा करोन खासा स्वारी मोहिमेस निघाली, आणि टाक्याचा व्हॉल्व्ह खोलून पाणी तुरीत सोडिले. पाणी उतरले तसा देहाचा भार गुडघ्यांवर परतला, आणि बाईसाहेब तळाशी बसल्या त्या उठवेना, लोखंडी पायऱ्या चढवेनात. फत्ते जाहली खरी, परंतु सकाळचा स्वयंपाक कोणी करावा हा मुद्दा मसलतीत राहून गेला होता. सबब रावसाहेब खाली उतरले, बाईसाहेबांस उचलावयास वाकले, आणि कंबरेत उसण भरली, आणि तेही तळाशी. कुमकेसाठी आरोळ्या बहुत मारिल्या. बांधावर एक बगळा होता, त्याने दखल घेतली नाही.

"पानी काहून सोडलं?" बाईसाहेबांनी पुसिले.

"तुरीले पाह्यजे होतं."

"तुरीवर एवढी माया कवापासून? द्या तो दुपट्टा इकडं."

आणि जो दुपट्टा खांद्यावर टाकून रावसाहेब गावचे तंटे मिटवीत, तो बाईसाहेबांनी पाणी जाण्याच्या भोकात कोंबिला. मग विजेची लाइन आली, ऑटो-स्टार्टरवरचा मोटरपंप आपोआप सुरू जाहला, आणि टाक्यात पाणी चढले, आणि जो भार रावसाहेबांस पेलला नाही तो पाण्याने दोघांचाही अलगद उचलिला. उसण सैल पडली. बाईसाहेब उठोन तुळशीभोवती चालू लागल्या, आणि मागून रावसाहेब, धरावयास दुसरे काही नसल्याने त्यांचा पदर धरोन.

कार्तिकात तुळशीचे लग्न अंगणात लागले, तेसमयी बाईसाहेबांनी कोरड्या भुईवर, आपल्या पायांनी, प्रदक्षिणा पुऱ्या केल्या. नेम शाबूत राहिला. रावसाहेब हल्ली पानठेल्यावर सांगतात की पाण्यातला व्यायाम हा शोध आपलाच, देव त्यांचे भले करो. छातीभर पाण्यातून त्यांचा रोज हुकूम येतो की चहा टाक्यातच पाठवावा, बाईसाहेब तो शांतपणे ऐकतात, आणि कप गॅसपाशीच झाकून ठेवितात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली ती लिहिली. दुपट्टा अद्याप भोकातच आहे, तो काढावयाचा हुकूम बाईसाहेबांकडून निघालेला नाही.