फक्त चार रन

हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं.

मुलाकडे परदेशी राहायला आलो, तिथे हेन्डरसनमध्ये डेल आमचा शेजारी, मूळचा अमेरिकन. वय अठ्ठ्याहत्तर, पण पांढऱ्या रेघेवर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही! कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, दूध आणायला निघालो की हा गृहस्थ रबरी जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, फटफटवत झेब्रा क्रॉसिंगच्या काळ्या पट्ट्यावरून काळ्या पट्ट्यावर उड्या मारी. मागून मी रामरक्षा म्हणत.

"डेल, पडशील!"

"पडलो तर हाड मोडेल, कुल. रेघेवर पाय पडला तर काय मोडेल, सांगता येत नाही." कुलकर्णी एवढं लांब नाव त्याला झेपत नसे.

दुसरी भीती अमेरिकनांची. दुकानात अमेरिकन ढंगाचं बोलणं कानी आलं की स्वारी कांद्यांच्या ढिगाआड.

"तुझेच लोक ना रे?"

"म्हणूनच."

एकदा स्वयंपाकघराचा पडदा ओढून त्याने सांगितलं. तरुणपणी तो बेसबॉलचा पिचर होता, म्हणजे आपला गोलंदाज. मैदानावरच्या पांढऱ्या रेघेवर पाय पडणं हे लोक अपशकुनी मानतात. लहानसहान गावांतून खेळता खेळता एकदाच मेजर लीगचं, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेचं, बोलावणं आलं. एक दुपार. चार रन दिले, आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवणी. "इथे बेसबॉल कुणाला कळत नाही, म्हणून इथे आलो. कुणाला सांगू नकोस."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, चारच? पुण्यात मी एका ओव्हरमध्ये अठरा दिलेत!

दिवाळीच्या फराळाला डेल आला. घर भरलेलं. मला राहवेना. "मंडळी, हा मेजर लीगमध्ये खेळलाय! सगळ्या कारकिर्दीत फक्त चार रन दिले!"

टाळ्या पडल्या. सुनेच्या ऑफिसातला एक अमेरिकन हसला. "किती जणांना बाद करून?"

डेलने चकली बशीत ठेवली. "एकालाही नाही." तो उठून गेला.

"बाबा, तिथे चार रनांत अख्खी मॅच जाते," मुलगा म्हणाला.

डेलचे पडदे मग उघडलेच नाहीत. तीनदा दारापर्यंत गेलो. आत रेडिओ चालू असे. तो दार उघडेल याची भीती, उघडणार नाही याचीही. बेल काही वाजवली नाही.

महिन्याभरात त्याने घर विकलं. एजंटने नवा पत्ता दिला नाही. एवढंच म्हणाला, "कुल तुम्हीच ना? काही झालं तर कुणाला कळवायचं, तिथे त्यांनी तुमचंच नाव लिहिलंय."

तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला की पहिल्या रिंगलाच उचलतो. त्याला सांगायचं ते माझं पाठ आहे. डेल, चार रन म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं. 'कुणाला सांगू नकोस' म्हणजे काय, ते कळत होतं. मला माफ कर.