पावणे पाच

दर जूनमध्ये आमच्या शाळेतली मुलं वरच्या वर्गात जातात आणि त्यांच्याबरोबर एक विळीही जाते. ही विळी हौसाआक्कांची. आक्का शाळेत खिचडी शिजवतात. शिजवायला शेड आहे, शेडवर पत्रा आहे, पत्र्याखाली शेगडी आहे. पण तांदूळ निवडायला आणि भाजी चिरायला त्या तिथं बसत नाहीत. त्या बसतात वर्गाच्या खिडकीखाली, बाहेरच्या कट्ट्यावर. दोन वर्षांपूर्वी पहिलीच्या खिडकीखाली बसायच्या, मागच्या वर्षी दुसरीच्या. यंदा शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी विळी, सूप आणि बसायचं पोतं उचललं आणि माझ्या तिसरीच्या खिडकीखाली आणून मांडलं.

"आक्का, पास झालात वाटतं," मी म्हणालो.

"व्हय गुर्जी. ढकलपास."

मला वाटलं सावलीचा प्रश्न असेल. आमची शाळा किकवीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथं कोण कुठं बसावं हे ऊन आणि वारा ठरवतात. शिवाय आक्का माझ्या शेजारीण. त्यांच्या घराला लागूनच माझी भाड्याची खोली आहे आणि माझ्या पायरीवरच मोबाईलला रेंज येते. त्यामुळे दर रविवारी आक्का माझ्या पायरीवर उभ्या राहून पुण्याला फोन करतात. मुलगा प्रकाश तिकडं एका वर्कशॉपमध्ये आहे. त्याच्याशी दोन शब्द झाले की आक्का म्हणतात, "श्रेयाला दे." मग नातीला विचारतात, "जेवलीस का?" पलीकडून "हां आजी" येतं. मग दोघीही गप्प. आक्का डोंगराकडं बघत पुढचं वाक्य शोधत राहतात. ते सापडायच्या आत फोन पुन्हा प्रकाशकडं गेलेला असतो.

"पुढच्या आयतवारी कायतरी इचारते तिला," असं म्हणून त्या मोबाईल पदराला पुसतात.

गणपती उठल्यापासून सहामाही परीक्षेपर्यंतचा महिना मला फार आवडतो. भात निसवून लोंब्या धरायला लागलेला असतो. दुपारी डोंगरावरचे ढग उतरून पार शाळेच्या कुंपणापर्यंत येतात. मुलांचे डोळे मिटायला लागतात, त्यांना जागं ठेवता ठेवता माझेही मिटतात. शिकवतोय मी की ऐकतोय, हेच कळेनासं होतं. अशा गुंगीत कधीतरी खिडकीखालून आवाज येतो आणि सगळा वर्ग जागा होतो.

मराठीच्या तासाला विरुद्धार्थी शब्द चालले होते. मी विचारलं, "जवळच्या उलट काय?" वर्ग पेंगत होता. खिडकीखालून उत्तर आलं, "पुणं."

मुलं हसली. मीही हसलो आणि फळ्यावर 'लांब' लिहिलं. मुलांनी मात्र वहीत पुणंच लिहून घेतलं.

आक्कांचं एक वैशिष्ट्य असं की शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही. "नुस्तं ऐकून भागत न्हाई, वापरलं पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिशांचा पाठ झाला त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत त्यांनी फर्मावलं, "उत्तरंची पोरं जरा सरकून बसा. पूर्वंला खिचडी पोचली का?" पाण्याच्या वाफेचा पाठ झाल्यावर पातेल्यावरच्या झाकणाचं नाव ढग पडलं. "ढग उचल गं, बघू पाऊस पडतोय का," असं म्हणत त्या झाकणाखालचे थेंब पुन्हा खिचडीत पडताना बघत राहायच्या. दोनचार मुली त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायच्या. मी हे सगळं पाठ्यपुस्तकातून फळ्यावर काढून दाखवलं होतं, पण माझ्या ढगाला खिचडीचा वास नव्हता.

इंग्रजीही सुटलं नाही. "धिस म्हंजी हितलं, द्याट म्हंजी तितलं," असा त्यांनी निकाल लावला. मग पळीकडं बोट दाखवून धिस आणि शेतातल्या बगळ्याकडं दाखवून द्याट. एकदा जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला, तर जेवणानंतर हात पुसत वर्गात आल्या. "आपुन कुठं?" मी भोर दाखवलं. "पुणं?" तेही दाखवलं. त्यांनी मधल्या जागेवर बोटं ठेवून बघितली.

"एवढंच व्हय? मंग ह्यास्नी यायला वरीस का लागतं?"

मी म्हणालो, "रस्ता वळणाचा असतो ना आक्का."

"व्हय, वळणाचाच," त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

पण या महिन्यात आक्कांनी खरा गोंधळ घातला तो घड्याळात. सव्वा, साडे आणि पावणे हे तिसरीच्या मुलांना फार छळतात. त्यातही पावणे. पाच म्हणायचं आणि काटा चारच्या पुढं दाखवायचा, हे आठ वर्षांच्या डोक्याला अन्यायाचं वाटतं आणि ते बरोबरच आहे. मी पुठ्ठ्याचं घड्याळ फिरवून फिरवून थकलो. तेव्हा खिडकीत आक्कांचं डोकं आलं.

"गुर्जी, म्या सांगू? पोरांनो, तास म्हंजी पावना. पाच वाजलं म्हंजी पावना दारात आला. सव्वा पाच, पावना पानी पिऊन टेकला. साडेपाच, निम्मा हितं अन् निम्मा मनानं त्याच्या घरी. अन् पावणे पाच म्हंजी पाच अजून आलं न्हाईत, पर निघाल्यात. वाटंवर हायेत. कळलं?"

सगळ्या वर्गाला एका दमात कळलं. मला जरा रागच आला, पण कळलं होतं हे खरं.

पुढच्याच आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "पावणेपाच म्हणजे काय?"

"पाच वाटंवर हायेत सर."

"बरं. म्हणजे काय करायचं?"

"चा ठेवायचा सर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. खिडकीखाली विळीचा आवाज थांबला होता. साहेब मुकाट्यानं चहाला शेडकडं गेले आणि आक्कांच्या हातचा चहा पिऊन खूश होऊन परतले.

त्यानंतरच्या शनिवारी प्रकाशचा फोन आला. ढग खाली आले होते आणि रेंज तुटत होती. आक्का माझ्या पायरीवर एका पायावर उभ्या राहून ओरडत होत्या. "काय? उद्याच्याला? कोन कोन?" मग फोन बंद पडला. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी दारात आलो.

"उद्या येतायत गुर्जी. पावणे पाच म्हनला."

"पावणेपाचला?"

"पाच. पावणे पाच. पुण्याला गेल्यापासनं त्यो सुद्द बोलतो, पावनं न्हाई म्हनत." त्या बोटांवर मोजायला लागल्या. "ल्योक, सून, श्रेया. अन् सुनंचं आईबाप असतील. इहिणबाई पैल्यांदाच येतायत माझ्या घरी."

मला वेळेची शंका आली होती. पण माणूस एवढ्या आनंदात असताना त्याचं व्याकरण तपासायचं माझ्या जिवावर येतं.

रविवारी सकाळपासून शेजारून पुरणाचा वास येत होता. अंगण सारवलं गेलं. माझ्याकडून दोन ताटं आणि एक तांब्या उसना गेला. दुपारी आक्का माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, "गुर्जी, श्रेयासंगं काय बोलू?"

"वाट्टेल ते बोला."

"तसं न्हाई. तिला आवडंल असं. तिच्या शाळंतलं."

बरोबर पावणेपाचला मोटारसायकल दारात थांबली. प्रकाश, त्याची बायको आणि मध्ये बसलेली, केस विस्कटलेली श्रेया. मागून कुणी येतंय का म्हणून आक्का रस्त्याकडं बघत राहिल्या. कुणी आलं नाही. घरात पाच ताटं मांडलेली होती.

"आई, ही पाच ताटं कुणाची?" प्रकाशनं विचारलं.

"तूच म्हनला की, पावणे पाच."

तो मोठ्यानं हसला. "अगं, वाजले पावणेपाच. वेळ सांगत होतो मी."

सूनबाईही हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रिकाम्या दोन ताटांकडं बघत राहिल्या. महिनाभर खिडकीखाली बसून पक्का केलेला पाठ आज नातीच्या पुढ्यात चुकला होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

तेव्हा श्रेया म्हणाली, "बाबा, पावणे म्हणजे काय?"

"क्वार्टर टू," सूनबाई म्हणाल्या. "थर्डला आहे ना ही. यांना घड्याळ इंग्लिशमधून शिकवतात."

थर्ड. मी आक्कांकडं बघितलं. दोन वर्षांपूर्वी पहिली, मागच्या वर्षी दुसरी, यंदा तिसरी. आक्कांची विळी सावलीमागं सरकत नव्हती, नातीमागं सरकत होती. रविवारच्या फोनवरचं पुढचं वाक्य त्या माझ्या खिडकीखाली शोधत होत्या.

"पावणे म्हणजे काय आजी?" श्रेयानं पुन्हा विचारलं, आणि या वेळी आजीलाच विचारलं.

आक्कांनी पदर सोडला. खाली बसल्या, नातीला जवळ ओढलं आणि तास म्हणजे पाहुणा इथपासून सुरुवात केली. मग उत्तर झाली, मग पूर्व. मग पातेल्यावरचा ढग उचलून दाखवला. श्रेया त्यांच्या खांद्यावरून वाकून थेंब पडताना बघत होती आणि "परत, परत" म्हणत होती. बाहेरचे ढग खाली उतरून उंबऱ्याशी टेकले होते. श्रेयाच्या आई-वडिलांनी दोनदा जेवायला बोलावलं, पण आजी आणि नात दोघींनाही ऐकू गेलं नाही.

शेवटी चौथ्या ताटावर मला बसवलं गेलं. पाचव्यावर श्रेयानं आजीला हात धरून बसवलं. आक्का आपल्याच घरात पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या आणि पुरणपोळीवरचं तूप त्यांना सुनेनं वाढलं.

दिवेलागणीला ती मंडळी निघाली. आक्का माझ्या पायरीवर येऊन बसल्या. जरा वेळानं फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि नेहमीसारखं विचारायला तोंड उघडलं, पण पलीकडूनच आधी आवाज आला. ढग आता वर सरकले होते, रेंज चांगली होती, मलाही ऐकू आला.

"आजी, बाबा चहाला थांबलेत. कामथडी आलं. आम्ही ना, पावणे पुणे."

आक्का हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग डोळे पुसून नातीला म्हणाल्या, "मंग आता दिवाळी बी पावणेच हाय की गं. वाटंवरच हाय."

फोन ठेवल्यावरही त्या तिथंच बसून राहिल्या. मी आत जाऊन चहा ठेवला.